नागपूरहून समुद्रातील तेलक्षेत्राकडे: पहिल्या हेलिकॉप्टर प्रवासाची तयारी

नागपूर, कामठी, हिंगणा, बुटीबोरी, उमरेड या पट्ट्यातून वेल्डर, फिटर, रिगर, इलेक्ट्रिशियन आणि अग्निशमनाचे शिक्षण घेतलेली तरुण मंडळी कंत्राटी कामासाठी मुंबई हायच्या समुद्रातील प्लॅटफॉर्मवर जातात. कोराडी किंवा खापरखेड्याच्या वीज केंद्रात काम केलेल्या माणसाला पाइप, वाफ आणि उंची नवीन नसते. परंतु समुद्र नवीन असतो आणि हेलिकॉप्टर त्याहून नवीन असते. मुंबई हाय येथे १९७४ मध्ये तेल सापडले आणि १९७६ पासून तेथे उत्पादन सुरू आहे. हे क्षेत्र मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत असल्यामुळे माणसांची ने-आण मुख्यतः हेलिकॉप्टरने होते. मी हा प्रवास केला आहे आणि आता आपल्या भागातून जाणाऱ्या नव्या मुलांची तयारी करून घेतो. त्यांना पडणारे प्रश्न जवळजवळ सारखेच असतात, म्हणून ते येथे क्रमाने मांडत आहे.

भीती घालण्याचा हेतू नाही, पण धोका झाकून ठेवणेही योग्य नाही. १३ जानेवारी २०१८ रोजी मुंबईहून तेलक्षेत्राकडे निघालेले हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले आणि त्यातील सातही जणांचा मृत्यू झाला. २८ जून २०२२ रोजी सागर किरण या रिगजवळ दुसरे हेलिकॉप्टर पाण्यात उतरले. त्यातील नऊपैकी पाच जण वाचले, चार जण गेले. पहिल्या प्रकारच्या अपघातात प्रवाशाच्या हाती फारसे काही नसते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे यंत्र पाण्यावर येते आणि माणसे जिवंत असतात तेव्हा, पुढची दोन-तीन मिनिटे प्रवाशाला काय येते यावर बरेच अवलंबून असते. हा लेख त्या मिनिटांसाठी आहे, आणि त्यांची तयारी नागपुरात घरी असतानाच सुरू होते.

१. कागदपत्रे: निघण्याच्या किमान महिनाभर आधी

कोणती कागदपत्रे लागतील याची यादी कंपनीकडून लेखी मागून घ्यावी, कारण प्रत्येक कंत्राटात थोडा फरक असतो. साधारणपणे पुढील गोष्टी लागतात:

• आधार कार्ड किंवा पासपोर्ट, मूळ प्रत आणि छायाप्रती
• समुद्रातील कामासाठीचे वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र
• समुद्रात जीव वाचवण्याचे आणि हेलिकॉप्टरमधून पाण्याखाली सुटका करून घेण्याचे प्रशिक्षण प्रमाणपत्र. याला सगळे ‘हुएट’ किंवा ‘बोसिएट’ या नावाने ओळखतात
• पोलिसांचे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र
• कंपनीचे रुजू होण्याचे पत्र आणि प्रवाशांच्या यादीत नाव असल्याची खात्री
• आयटीआय, डिप्लोमा किंवा वेल्डिंग चाचणीचे प्रमाणपत्र
• नियमित औषधे असतील तर डॉक्टरांची चिठ्ठी
• पासपोर्ट आकाराची छायाचित्रे

येथे सर्वाधिक अडचण नावाची येते. आधारवर वडिलांच्या नावासह पूर्ण नाव, आयटीआयच्या कागदावर आडनाव आधी आणि प्रशिक्षण प्रमाणपत्रावर फक्त नाव व आडनाव, असे तीन कागद घेऊन माणूस मुंबईला पोहोचतो आणि प्रवेशपत्राच्या खिडकीपाशी अडकतो. इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरकही पुरेसा ठरतो. प्रशिक्षणासाठी नाव नोंदवतानाच आधारवरील नाव जसेच्या तसे द्यावे. चारित्र्य पडताळणीचा अर्ज ऑनलाइन करता येतो, मात्र त्याला लागणारा वेळ आपल्या हातात नसतो; भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचा पत्त्याचा पुरावा कमी पडतो आणि अर्ज थांबतो. म्हणून हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

दुसरा सापळा अधिक गंभीर आहे. ‘पाण्यात उतरायची गरज नाही, दोन दिवसांत प्रमाणपत्र हातात देतो’ असे सांगणारे दलाल भेटतात. असे प्रमाणपत्र घेणारा माणूस पैसे तर घालवतोच, शिवाय तपासणीत ते खोटे ठरले तर कामही जाते. समुद्रातील तेल-वायू कामाच्या प्रशिक्षणाचे निकष ठरवणाऱ्या ओपिटो या संस्थेची मान्यता असलेल्या केंद्रांच्या प्रमाणपत्रांची नोंद मध्यवर्ती यादीत असते आणि कंपनी ती तपासू शकते. पण माझा खरा आक्षेप वेगळा आहे. ज्या दिवशी हेलिकॉप्टर पाण्यात उलटेल, त्या दिवशी खिशातला कागद खिडकी उघडत नाही. स्वतःच्या भावाला किंवा मुलाला असा कागद कोणी घेऊन देत असेल, तर त्याला तेथेच थांबवावे.

२. शरीर: काय लपवू नये

रक्तदाब, मधुमेह, फिट येणे, दमा, कानाचा पडदा, पाठीचे दुखणे, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ‘सांगितले तर नापास करतील’ या भीतीने गोष्टी दडवल्या जातात. पण समुद्राच्या मध्यभागी रुग्णवाहिका येत नाही. आजारी माणसाला किनाऱ्यावर आणायलाही हेलिकॉप्टरच लागते, आणि हवामान बिघडलेले असेल तर तेही थांबते. सर्दी झाली असेल, सायनस भरले असतील किंवा कान दुखत असेल, तर प्रशिक्षणाची तारीख पुढे ढकलून घ्यावी. पाण्याखाली उलटे झाल्यावर अशा माणसाला होणारी वेदना त्याचे सगळे लक्ष तिकडेच ओढून नेते.

वजनाबाबतही खरे बोलावे. हेलिकॉप्टर किती इंधन घेईल आणि किती माणसे नेईल याचा हिशेब प्रवाशांच्या व सामानाच्या वजनावर चालतो. शरीराच्या रुंदीचाही येथे संबंध आहे. ब्रिटनमध्ये २०१३ साली शेटलंड बेटांजवळ झालेल्या अपघातानंतर तेथील विमान वाहतूक प्राधिकरणाने खांद्यांची रुंदी ५५.९ सेंटिमीटर किंवा अधिक असलेल्या प्रवाशांना मोठ्या खिडकीजवळच बसवण्याचा नियम केला. आपल्याकडे कोणी मोजो न मोजो, अंगाने भरदार माणसाने शेजारची खिडकी आपल्याला पुरेशी आहे का, हे स्वतः पाहावे आणि शंका असल्यास बसण्यापूर्वीच कर्मचाऱ्यांना सांगावे. यात संकोच करण्यासारखे काहीच नाही.

३. पाण्याची ओळख: नागपुरातच करून घ्यावी

आपल्या भागातील बरीच मुले विहिरीत किंवा कॅनॉलमध्ये पोहायला शिकलेली असतात आणि तितकीच मुले कधी गळ्यापर्यंत पाण्यात उतरलेली नसतात. प्रशिक्षणासाठी पट्टीचे पोहणारे असण्याची गरज नाही. लाइफ जॅकेट तरंगवण्याचे काम करते. चेहरा पाण्याखाली गेल्यावर न घाबरण्याची सवय मात्र ते देऊ शकत नाही, ती आपली आपणच लावून घ्यावी लागते.

त्यासाठी शहरातील एखाद्या जलतरण तलावात, जीवरक्षक हजर असताना, दोन-तीन आठवडे नियमित जावे. अंबाझरी, फुटाळा, कन्हान नदी किंवा पेंचचा कॅनॉल यांत सराव करू नये. तेथे दरवर्षी माणसे बुडतात. तलावात पुढील गोष्टी या क्रमाने कराव्यात. कठड्याला धरून चेहरा पाण्यात घालावा आणि नाकातून हळूहळू हवा सोडावी. मग डोळे उघडे ठेवून तेच करावे. मग पाण्याखाली बसून कठड्याची कड हाताने चाचपडत एक-दोन मीटर सरकावे. गॉगल आणि नाकाची चिमटी वापरू नये, कारण खऱ्या प्रसंगी ती नसणार. श्वास किती सेकंद रोखता येतो याची मित्रांशी स्पर्धा लावू नये. पाण्याखाली शुद्ध हरपण्याचा धोका असतो. नाकात पाणी गेल्यावरही हात थांबता कामा नये, एवढेच यातून साधायचे आहे.

पाण्याची भीती असेल तर ती प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी सांगावी. चांगले प्रशिक्षक अशा उमेदवाराकडे अधिक लक्ष देतात आणि त्याला शेवटी न ठेवता आधी घेतात, म्हणजे इतरांना पाहून भीती वाढत नाही. भीती सांगून शिकलेली मुले पुढे शांतपणे काम करताना मी पाहिली आहेत.

४. प्रशिक्षण कोठे आणि कसे होते

ओपिटोचा प्राथमिक अभ्यासक्रम, म्हणजे बोसिएट, तीन दिवसांचा असतो आणि त्याचे प्रमाणपत्र चार वर्षे चालते. मुदत संपण्यापूर्वी एक दिवसाची उजळणी करावी लागते. त्यात हेलिकॉप्टरमधून सुटका, समुद्रात तग धरणे, आग विझवणे, धुरातून बाहेर पडणे आणि प्रथमोपचार हे भाग येतात. उष्ण प्रदेशातील समुद्रासाठी त्याचा वेगळा प्रकार आहे, कारण युरोपजवळच्या ‘नॉर्थ सी’ या समुद्रात थंडीपासून बचाव करणारा पूर्ण पोशाख घालावा लागतो आणि अरबी समुद्रात त्याची गरज नसते. ओएनजीसीची सुरक्षा प्रशिक्षण संस्था दक्षिण गोव्यात बेतूल येथे आहे आणि तेथील सागरी बचाव प्रशिक्षण केंद्राचे उद्घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. तुमच्या कंत्राटाला नेमका कोणता अभ्यासक्रम चालतो, हे शुल्क भरण्यापूर्वी कंपनीकडून लेखी घ्यावे. चुकीचा अभ्यासक्रम करून दुसऱ्यांदा पैसे भरणारे बरेच जण असतात.

तलावावर हेलिकॉप्टरच्या सांगाड्यासारखी एक खोली दोरांना टांगलेली असते. आधी ती सरळ पाण्यात उतरवतात, मग बुडवतात, शेवटी बुडवून उलटी करतात. पाण्यात पाणबुडे बचावासाठी तयार असतात. उलटे होण्याच्या क्षणी वर-खालचे भान पूर्णपणे जाते, आणि हा अनुभव वाचून किंवा चित्रफीत पाहून येत नाही. प्रशिक्षणाला जाताना कॉन्टॅक्ट लेन्स काढाव्यात, अंगठी, साखळी व हातातला दोरा काढून ठेवावा आणि पोटभर जेवून जाऊ नये.

५. पाण्याखालून सुटका: क्रम आणि त्यामागचे कारण

हेलिकॉप्टरचे इंजिन, गिअरबॉक्स आणि मोठे पाते ही सगळी वजनदार यंत्रणा वरच्या बाजूला असते. त्यामुळे पाण्यावर उतरल्यावर, विशेषतः लाटा असतील तर, ते उलटण्याची शक्यता मोठी असते. त्याला आपत्कालीन फुगे लावलेले असतात आणि ते त्याला तरंगत ठेवण्यासाठी असतात. परंतु फुगे उघडले म्हणजे हेलिकॉप्टर सरळच राहील, असे धरून चालू नये.

पहिली गोष्ट, आघातापूर्वीची बैठक. वैमानिकाने आज्ञा दिली की सूचनेत दाखवलेली स्थिती घ्यावी: पाठ आसनाला घट्ट टेकलेली, हनुवटी छातीशी, पावले जमिनीवर सपाट. पाय आसनाखाली घेऊ नयेत, कारण आसन खाली दबले तर पाय अडकतात. कानावरचे हेडफोन काढावेत. त्यांची वायर गळ्यात अडकू शकते.

दुसरी गोष्ट, दोन हातांची दोन कामे. खिडकीच्या बाजूचा हात खिडकीच्या चौकटीवर आणि दुसरा हात पट्ट्याच्या बकलवर. हे दोन्ही हात ठरल्याशिवाय पुढचे काही करू नये. खिडकीवरचा हात तुमची दिशा असतो. हेलिकॉप्टर उलटल्यावर मेंदू ‘वर’ कुठे आहे हे चुकीचे सांगतो, डोळ्यांना बुडबुडे आणि अंधार याशिवाय काही दिसत नाही. परंतु बसताना खिडकी उजवीकडे असेल तर उलटल्यावरही ती तुमच्या उजवीकडेच असते. चौकटीवरून हात सुटला नाही, तर बाहेर जाण्याची वाट हरवत नाही.

तिसरी गोष्ट, श्वास. पाणी छातीच्या वर येईपर्यंत शांतपणे श्वास घेत राहावे आणि मग शेवटचा श्वास भरून घ्यावा. उलटे झाल्यावर नाकात पाणी शिरते. नाकातून अगदी थोडी हवा सोडली की ते थांबते.

चौथी गोष्ट, थांबणे. हीच सगळ्यांत अवघड आहे. पाणी शिरत असताना आणि यंत्र फिरत असताना बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, तर पाण्याचा लोंढा माणसाला आत फेकतो. हालचाल थांबेपर्यंत जागेवरच राहायचे असते. हा वेळ मोजक्या सेकंदांचा असतो, पण तो फार मोठा वाटतो, आणि नेमके याच क्षणी अप्रशिक्षित माणसाचा हात पट्ट्याकडे जातो.

पाचवी गोष्ट, खिडकी. शिकवल्याप्रमाणे तिची पट्टी ओढून कोपऱ्यावर जोराने ढकलावे. हे पट्टा बांधलेला असतानाच करावे, कारण ढकलण्यासाठी शरीराला आधार लागतो. पट्टा सुटलेला असेल तर तुम्ही खिडकीला ढकलता आणि खिडकी जागेवरच राहून तुम्हीच मागे सरकता.

सहावी गोष्ट, पट्टा सर्वांत शेवटी. एक हात उघड्या खिडकीच्या चौकटीबाहेर घट्ट धरून मगच दुसऱ्या हाताने बकल सोडावे. आधी सोडले तर शरीर तरंगून उलट्या हेलिकॉप्टरच्या तळाला, जो आता वर आलेला असतो, जाऊन लागते आणि मग खिडकी शोधणे जवळजवळ अशक्य होते. बकल फिरवायचे आहे, उचलायचे आहे की दाबायचे आहे, हे बसल्याबरोबर दोन-तीनदा उघडझाप करून हाताला शिकवावे. रोज चारचाकी चालवणाऱ्या माणसाचा अंगठा घाईत आपोआप कमरेच्या बाजूला बटण शोधू लागतो. लाइफ जॅकेटचा पट्टा आणि आसनाचा पट्टा यांतही गल्लत होते. दोन्ही आधीच चाचपून पाहावेत.

सातवी गोष्ट, हातांनी स्वतःला ओढून बाहेर काढावे, लाथा मारू नयेत. तुमच्या मागे दुसरा माणूस असतो आणि लाथ त्याच्या तोंडावर बसते.

आठवी गोष्ट, लाइफ जॅकेट पूर्ण बाहेर आल्यावरच फुगवावे. आत फुगवले तर ते माणसाला तळाशी दाबून धरते आणि खिडकीतून निघूही देत नाही. म्हणूनच हेलिकॉप्टरसाठीचे जॅकेट हाताने दोरी ओढून फुगणारे असते. पाण्याचा स्पर्श होताच आपोआप फुगणारे बोटीवरचे जॅकेट हेलिकॉप्टरमध्ये कधीही घालू नये.

काही ठिकाणी जॅकेटसोबत आपत्कालीन श्वसनसाधन देतात. दाबाखालील हवेचे साधन वापरत असाल तर वर येताना श्वास कधीही रोखू नये, हवा सोडत यावे. अन्यथा फुप्फुसाला इजा होऊ शकते. ज्या साधनाचे प्रशिक्षण तुम्हाला मिळालेले नाही, त्याच्यावर विसंबून राहू नये आणि तसे स्पष्ट सांगावे.

हेलिकॉप्टर सरळ तरंगत राहिले तर मात्र घाई करू नये. पाती थांबेपर्यंत आणि वैमानिकाची आज्ञा होईपर्यंत आतच बसावे. मग तराफ्यात उतरावे.

रात्री झोपण्यापूर्वी खुर्चीवर बसून डोळे मिटून हा क्रम हातांनी करावा: खिडकी, बकल, थांबणे, ढकलणे, धरणे, सोडणे, बाहेर. घरच्यांना विचित्र वाटले तरी करावा.

६. बॅग भरताना

सामान कमीत कमी आणि मऊ बॅगेत असावे; वजनाची मर्यादा कंपनीकडून विचारून घ्यावी आणि घरीच काट्यावर तोलावे. काडेपेटी, लायटर, फवाऱ्याचे डबे, दारू, चाकू, फटाक्यासारख्या वस्तू, गॅसची लहान नळकांडी यांना सक्त मनाई असते. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्यांबाबत आधी विचारावे आणि त्या असल्यास लपवू नयेत, जाहीर कराव्यात. मोबाइल हेलिकॉप्टरमध्ये बंद ठेवावा लागतो आणि प्लॅटफॉर्मवर ज्या भागात ज्वलनशील वायू असू शकतो तेथे साधा मोबाइल चालत नाही.

आपल्याकडच्या मुलांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते, ती खर्ऱ्याची. तोंडात खर्रा, सुपारी किंवा च्युइंगम ठेवून हेलिकॉप्टरमध्ये बसू नये. आघाताच्या वेळी ते घशात अडकते आणि जो एकच श्वास रोखायचा असतो तोच जातो. सवय असेल तर कामावर जाण्याच्या काही आठवडे आधीपासून ती सोडायला सुरुवात करावी. समुद्रात पानटपरी नाही आणि तलफेने बेचैन झालेला माणूस सूचनाही नीट ऐकत नाही.

कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे आणि अंगाला बेताचे असावेत; बूट नाडीचे. चष्मा असल्यास मागून बांधण्याची दोरी लावावी. औषधे मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह, आणि मुक्कामापेक्षा आठवडाभर जास्तीची न्यावीत, कारण परतीचे उड्डाण हवामानामुळे लांबू शकते. जून ते सप्टेंबर या काळात हे नेहमीचे असते.

७. नागपूर ते जुहू

मुंबई हायकडे जाणारी हेलिकॉप्टरे मुख्यतः जुहूच्या विमानतळावरून सुटतात, सांताक्रूझच्या मोठ्या विमानतळावरून नव्हे. विलेपार्ले पश्चिमेचा हा विमानतळ १९२८ पासूनचा आहे. नवखा माणूस टॅक्सीवाल्याला नुसते ‘एअरपोर्ट’ सांगतो आणि भलत्याच दारात उतरतो. म्हणून ‘जुहू हेलिकॉप्टर बेस’ असे सांगावे आणि कोणत्या कंपनीच्या दारावर हजर राहायचे, हे आदल्या दिवशी विचारून ठेवावे.

विदर्भ एक्सप्रेस किंवा दुरांतोने रात्रभर प्रवास करून त्याच सकाळी उड्डाण धरण्याचा बेत करू नये. गाडीला उशीर झाला तर यादीतील नाव जाते, आणि गाडी वेळेवर आली तरी झोप झालेली नसते. समृद्धी महामार्गाने रात्रभर गाडी हाकत येण्याचा विचार तर मुळीच करू नये. एक दिवस आधी मुंबईत पोहोचावे, जेवण हलके घ्यावे आणि लवकर झोपावे. आदल्या दिवसापासून दारू घेऊ नये. तळावर श्वासाची तपासणी होऊ शकते आणि त्यात सापडलेल्या माणसाला परत पाठवतात. सकाळी तर्री-पोह्यांसारखे तिखट, तेलकट काही खाऊन बसू नये, पण अगदी उपाशीपोटीही बसू नये. केळे, बिस्किटे किंवा इडली पुरेशी आहे. मळमळ होण्याची सवय असल्यास डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी.

८. तळावरची सूचना: समजली नाही तर विचारावे

ओळखपत्र, वजन, सामानाची तपासणी, यादीवर सही, हे सगळे रांगेत लवकर उरकते. त्यानंतरच्या सुरक्षा सूचनेकडे मात्र पूर्ण लक्ष द्यावे. ती बहुधा हिंदी किंवा इंग्रजीत असते आणि जुने प्रवासी कंटाळून मोबाइल पाहत असतात. त्यांच्याकडे पाहून आपणही तसे करू नये. प्रत्येक हेलिकॉप्टर वेगळे असते. डॉफिन, एस-७६, बेल ४१२, एडब्ल्यू १३९ यांच्या खिडक्या, दरवाजे आणि आसनांची मांडणी सारखी नसते. समजले नसेल तर हात वर करून ‘पुन्हा सांगा’ असे म्हणावे. चांगला कर्मचारी यावर रागावत नाही.

जॅकेट मिळाल्यावर त्याची तपासणीची तारीख पाहावी, पट्टे घट्ट ओढावेत, फुगवण्याची दोरी, शिट्टी आणि दिवा कोठे आहे हे हाताने चाचपून घ्यावे. जॅकेटवरून दुसरे काही घालू नये.

९. चढताना आणि उतरताना

अपघात फक्त हवेत किंवा पाण्यातच होतात असे नाही. शेपटीचे पाते वेगाने फिरताना दिसतच नाही. डॉफिनमध्ये ते शेपटीच्या कवचात बसवलेले असते, पण इतर अनेक हेलिकॉप्टरांत उघडे असते. म्हणून कोणत्याही हेलिकॉप्टरच्या मागच्या बाजूला जाऊ नये, हा एकच नियम सर्वत्र पाळावा. कर्मचाऱ्याने खूण केल्यावरच, वैमानिकाला दिसेल अशा बाजूने, किंचित वाकून, चालत जावे. मोठे पाते वेग कमी होताना वाऱ्याने खाली झुकू शकते. टोपी, गमछा, कागद हातात धरू नयेत. वाऱ्याने उडालेल्या वस्तूमागे कोणीही धावू नये. लांब वस्तू डोक्यावरून किंवा खांद्यावरून नेऊ नये.

समुद्रातील हेलिडेकवर, म्हणजे प्लॅटफॉर्मवरील हेलिकॉप्टर उतरण्याच्या जागेवर, हीच काळजी दुप्पट घ्यावी लागते, कारण तेथे वारा जोराचा असतो, जागा थोडी असते आणि कडेला फक्त जाळी असते. तेथील हेलिकॉप्टर उतरवण्याच्या अधिकाऱ्याचा शब्द अंतिम असतो. दार उघडले म्हणून उठू नये. त्याच्या खुणेची वाट पाहावी आणि जिना गाठेपर्यंत फोटोसाठी किंवा मोबाइल सुरू करण्यासाठी थांबू नये.

१०. आसनावर बसल्यावरचे पहिले मिनिट

पट्टा बांधावा. बकल उघडून पुन्हा लावावे. आपली खिडकी कोणती आणि ती न उघडल्यास दुसरी कोणती, हे ठरवावे. बसल्या जागेवरून खिडकीपर्यंत हात पोहोचतो का, ते पाहावे. मध्ये कोणी बसले असेल तर त्याच्या मागोमाग कसे निघायचे हे डोळ्यांनी मोजावे. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी झोपू नये. बाकीचा पाऊण-एक तास गडगडाटात आणि हादऱ्यांत जातो. कानात बोळे घातलेले असले की त्याचा त्रास कमी होतो.

११. पाण्यात बाहेर आल्यानंतर

जॅकेट फुगवावे, हेलिकॉप्टरपासून आणि सांडलेल्या इंधनापासून दूर व्हावे, तराफा दिसल्यास त्याकडे जावे. तराफा नसेल तर सर्वांनी एकत्र यावे, हात एकमेकांत गुंफावेत आणि जखमी व घाबरलेल्या माणसाला मध्ये घ्यावे. वरून शोधणाऱ्याला एकटे डोके दिसत नाही, घोळका दिसतो. किनाऱ्याच्या दिशेने पोहत सुटू नये. अरबी समुद्राचे पाणी कोमट वाटले तरी शरीराची उष्णता ते हळूहळू घेतेच. गुडघे छातीशी घेऊन शांत राहावे. जॅकेटला तोंडावरचे पारदर्शक आच्छादन असेल तर ते ओढावे, नाहीतर लाटांचे तुषार श्वासात जातात. समुद्राचे पाणी पिऊ नये. जहाज किंवा हेलिकॉप्टर जवळ आले की शिट्टी वाजवावी.

१२. परतीचे उड्डाण आणि पुढची तारीख

काम संपवून घरी परतताना माणूस थकलेला असतो, मन आधीच नागपूरच्या गाडीत बसलेले असते, आणि सूचनेकडे सर्वांत कमी लक्ष त्याच दिवशी जाते. परतीच्या वेळीही बकल उघडून पाहावे, खिडकी ठरवावी आणि हातांचा क्रम एकदा मनात करावा. घरी आल्यावर प्रशिक्षण प्रमाणपत्राची आणि वैद्यकीय तपासणीची अंतिम तारीख लिहून ठेवावी. ती तारीख पुढच्या कामाच्या मुक्कामाच्या मध्ये येत असेल, तर उजळणी निघण्यापूर्वीच उरकावी, कारण मुदत संपलेल्या प्रमाणपत्रावर कोणी हेलिकॉप्टरमध्ये बसू देत नाही, आणि उजळणी केंद्रांतील जागा महिनाभर आधी भरलेल्या असू शकतात.